नऊ झाडं, आतल्या वळणावर

केंब्रिज, रविवार, १५ ऑक्टोबर २००६

अण्णा,

तुम्ही गेल्याला एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. डायरी रोज लिहिते. तीत हवामान असतं, ऑफिस असतं, लेकीच्या परीक्षा असतात, आईच्या शेवटच्या आजारपणाची पानंच्या पानं आहेत. तुम्ही क्वचित येता, आणि आलात तरी मी तुमच्याविषयी लिहिते, तुम्हाला नाही. आज तुम्हालाच लिहायला बसले, कारण गुरुवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात असं काही कळलं की तेव्हापासून मी पोळ्या लाटते, ऑफिसला जाते, कपडे वाळत घालते, पण हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे चालतात. तुमच्या सरावाच्या नकाशातली ती नऊ झाडं झाडं नव्हती, अण्णा. बहुतेक नव्हती. ‘बहुतेक’ तुमच्यासाठी लिहिलं. पुराव्याशिवाय बोललेलं तुम्हाला चालत नसे.

तो नकाशा तुम्ही दर वर्षी जूनमध्ये आठवीच्या फळ्यावर काढायचात. हातात पुस्तक नाही, कागद नाही. आधी तीन बाजूंचे डोंगर, एकात एक बसवलेल्या समोच्च रेषांनी. मग ईशान्येकडून उतरणारी नदी आणि गावाजवळ तिने घेतलेलं घोड्याच्या नालेसारखं वळण. नदीच्या मधोमध खडक, खडकावर चार खांबांचा मंडप. शाळा, शाळेपुढे एकच मोठं झाड, पाणचक्की, खिंडीकडे तीनदा वळून चढणारा रस्ता. सगळ्यात शेवटी वळणाच्या आतल्या बाजूला नऊ छोटी वर्तुळं, वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत चार. सूचीत त्यांच्यापुढे ‘झाडे’ एवढंच लिहिलेलं. मग खडू ठेवून तुम्ही बाकांमधून फिरताय, प्रत्येकाच्या वहीतली वर्तुळं बोट ठेवून मोजताय, आणि म्हणताय, “नऊ. आठ नाही, दहा नाही.” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, “सर, हे गाव कुठल्या तालुक्यात येतं?” तुम्ही न हसता म्हणालात, “सराव तालुक्यात.” अख्खा वर्ग हसला. पोरं त्याला सरांचं गाव म्हणायची. कराडच्या त्या शाळेत तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाच्या वहीत ते गाव होतं, आणि ते कुठे आहे हे एकालाही माहीत नव्हतं. घरी तुम्ही कोरियाविषयी तीनच गोष्टी सांगायचात. भारतीय तुकडीबरोबर मलमपट्टी करायला गेलो होतो. थंडी अशी की दौतीतली शाई गोठायची. आणि तिथल्या घरांत चुलीचा धूर जमिनीखालून फिरवतात, त्यामुळे जमीन तव्यासारखी गरम असते. आई म्हणायची, “यांना लढाईवर पाठवलं आणि हे फरशी बघून आले.” तुम्हीही हसायचात. कोरिया घरातला आणि नकाशा शाळेतला. मी कधी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं नाही. नकाशे वाचायचा पगार घेते मी. कौन्सिलच्या पूर विभागात दिवसभर नद्यांच्या जुन्या-नव्या रेषा एकमेकींवर ठेवून पाहते.

आता तो दिवस. तुम्हाला आठवायचं कारण नाही, पण मी तो तेहेतीस वर्षं धरून ठेवला आहे. वर्गात तुम्हाला ‘सर’ म्हणायचं हा आपला नियम. मी आठवीत, तुमची मुलगी, म्हणून सगळ्यांत पुढे असायलाच हवं अशा हट्टात. त्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला कृष्णेच्या काठावर नेऊन दाखवलं होतं, वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी कापतं आणि आतल्या बाजूला वाळूगोटे आणून टाकतं. आत टिकून काही उगवत नाही, पुरासरशी जातं. मी तुमचंच शिकवलेलं तुमच्याच नकाशाला लावलं आणि नऊ झाडं उचलून बाहेरच्या, उंच काठावर ठेवली. तुम्ही वही पाहून थांबलात.

“झाडं इथे का?”

“अण्णा, तुम्हीच सांगितलंत, आत वाळू असते. तिथे झाडं कशी येतील?”

‘अण्णा’ ऐकून पोरं खिदळली. तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला वाटलं, मी तुमची चूक चारचौघांत काढली म्हणून. तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल घेतलीत, ती बाकावर आडवी ठेवलीत, आणि खालच्या आवाजात म्हणालात, “पटतं ते काढू नकोस. आहे ते काढ.” मग मला तास संपेपर्यंत उभं केलंत. आयुष्यात एकदाच. रात्री जेवताना मी भात चिवडत बसले, तर आई तुम्हाला म्हणाली, “एवढ्या झाडांवरून पोरीला उभं करतात का?” तुम्ही म्हणालात, “हो.”

पुढचं मला सांगताना लाज वाटते. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी शाळेने माझ्याकडून तोच नकाशा मोठ्या ड्रॉइंग पेपरवर मागवला. तुम्ही स्वतः मला काळ्या शाईची दौत आणि नवा टाक आणून दिलात. मी झाडं आधी पेन्सिलीने तुमच्या जागी काढली. मग खोडली आणि माझ्या जागी काढली. माझं अक्षर बरं नाही म्हणून सूची लिहायला कागद तुमच्याकडे आणला. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात. मग तुम्ही तुमच्या सुबक अक्षरात सूची पुरी केलीत, ‘झाडे’ लिहिलंत, कागदावर फुंकर मारलीत आणि म्हणालात, “छान झालाय.” मला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्या जूनपासून तुम्ही आठवीला दुसराच नकाशा शिकवायला लागलात, पुस्तकातला. मी ते माझ्या विजयात जमा केलं. तोच प्रदर्शनाचा नकाशा आईच्या ट्रंकेतून मी इथे आणला, फ्रेम केला आणि स्वयंपाकघरात लावला. येणारे-जाणारे विचारतात तेव्हा सांगते, वडिलांचा नकाशा.

गुरुवारच्या आधी तुम्हाला त्या बाईंची ओळख करून द्यायला हवी. इथे कौन्सिलकडून भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो, त्याला अलॉटमेंट म्हणतात. माझ्या तुकड्याला लागून एका कोरियन बाईंचा तुकडा आहे. साठीच्या आहेत. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीला गेल्या, तिथून इकडे आल्या, इथल्याच हॉस्पिटलमधून रिटायर झाल्या. पहिल्या भेटीत त्यांनी नाव विचारायच्या आधी माझं वय विचारलं. मी सांगितलं, तर म्हणाल्या, “म्हणजे धाकटी. आता मी रागावले तर चालेल.” आणि खरंच रागावतात. माझ्या मिरच्यांना शोभेच्या मिरच्या म्हणतात. मी लसूण तीन ओळी लावला तर म्हणाल्या, “तीन ओळी? पाहुणे येणार आहेत का फक्त वास घ्यायला?” त्यांचा तालुका लसणाचा. भात कापला की त्याच शेतात ऑक्टोबर संपायच्या आत लसूण लावतात, तो थेट जूनमध्ये निघतो. हे सगळं मला दोन वर्षांपासून माहीत होतं. त्यांना माझ्या भाजीची जागा माहीत होती, घर नाही.

गुरुवारी मी सुट्टीवर होते. जोराचा पाऊस आला म्हणून त्यांना घरी घेऊन आले. त्या स्वयंपाकघरात आल्या, ओला कोट खुर्चीला लावला, चष्मा पुसला आणि नकाशासमोर उभ्या राहिल्या. मी चहा टाकत होते. मागून त्यांचा आवाज आला, “ही शाळा.”

मी म्हटलं, “हो.” मला वाटलं, चित्रावरून ओळखलं.

“हे शाळेपुढचं मोठं झाड. ही पाणचक्की. खिंडीत रस्ता तीनदा वळतो. खडकावर मंडप.” त्यांचं बोट काचेवरून फिरत होतं. अण्णा, सगळी नावं मराठीत आहेत. त्यांना त्यातलं एक अक्षर येत नाही. त्या नकाशा वाचत नव्हत्या, आठवत होत्या. “हे तुझ्याकडे कसं आलं?” त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजातली मोठ्या बहिणीची जरब गेली होती. मी म्हटलं, “माझ्या वडिलांचा नकाशा. ते लढाईच्या वेळी तुमच्याकडे होते, वैद्यकीय तुकडीत.” त्या म्हणाल्या, “शाळेत दवाखाना होता. परक्या माणसांनी मला बिस्किट दिलं होतं. सावळी माणसं. आई सांगायची.” मग बोट वळणापाशी आलं. “आणि हे काय?”

“झाडं.”

त्यांनी मोजली. कोरियन भाषेत, हळू. मग पुन्हा मोजली. चहा उतू गेला तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

मग खुर्चीत बसून त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते आहे, म्हणजे तुम्हाला जे माझ्याआधी माहीत होतं तेच. त्यांचा तालुका डोंगरांच्या मधे अडकलेला, सपाट जमीन हाताच्या पंजाएवढी. नदी दक्षिणेला वाहत नाकदोंग या मोठ्या नदीला मिळते. शाळा जपानी राजवटीत बांधलेली, तिथे त्यांच्या वडिलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल छडी खावी लागली होती. लढाईत अंधार पडला की डोंगरात लपलेली बंडखोर माणसं धान्य मागायला उतरायची, आणि उजाडलं की दुसरी माणसं विचारायला यायची, धान्य कोणी दिलं. एका सकाळी गावातून नऊ पुरुष नेले. नेणारे कुठल्या गणवेशात होते यावर गावात अजून एकमत नाही, बाईंच्या आईने तर तो विषयच कधी काढू दिला नाही. बाई चार वर्षांच्या होत्या, भाऊ आईच्या पोटात. नऊ जणांत त्यांचे वडील होते. आई त्याच दिवशी मुलीला पाठीला बांधून खिंडीपलीकडे पळाली. दहा वर्षांनी परत आली तेव्हा सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्या नऊ जणांना कुठे पुरलं, कोणी पुरलं, पुरलं की नाही. कुणी खिंड म्हणायचं, कुणी पाणचक्की. पुढे गवताची छपरं जाऊन पत्रे आले, तरुण माणसं शहरांत गेली, नदीला बांध घालून तिला सरळ करून टाकलं, आणि ते नालेसारखं वळण भातखाचरांखाली गेलं. शाळा मुलं नाहीत म्हणून बंद झाली. जुन्या वळणाची रेषा आज गावातल्या कुणालाही दाखवता येत नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात आहे.

“तिथे झाडं नव्हती,” बाई म्हणाल्या. “त्या काठाला नाही, या काठाला नाही. आई तिथे कपडे धुवायची. एक झाड नव्हतं.”

मी गुरुवारपासून तुमचा पांढरा चेहरा पाहते आहे. तेरा वर्षांची मुलगी तुम्हाला भर वर्गात शिकवते आहे की तिथे काही टिकत नाही, पुरासरशी जातं. काय ऐकलंत तुम्ही तेव्हा? फावडी तुमच्या हातात होती का? की तुम्ही फक्त पाहिलंत आणि दोन ओळी मोजल्यात? पाच आणि चार, हे बघितल्याशिवाय कुणाला माहीत असणार? दर वर्षी पन्नास पोरांकडून ते गाव काढून घेताना तुम्ही साक्ष ठेवत होतात, की हाताला लागलेली सवय होती ती? मला पहिलं खरं वाटावंसं वाटतं, आणि म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, अण्णा. आईलाही नाही. तीस वर्षं एका घरात राहून फरशीची गोष्ट सांगितलीत. मला तुमचा अभिमान वाटावा की राग यावा हे ठरत नाही, दोन्ही येतात.

पण आजचा प्रश्न तुमचा नाही, माझा आहे. बाईंनी माझ्याकडून बटर पेपर मागून घेतला आणि टेबलावर बसून नकाशा उतरवला. प्रत्येक वर्तुळ काढून झालं की पेन्सिल थोडी उचलून धरत होत्या. मग माझ्याच फोनवरून भावाला फोन लावला. तिथे मध्यरात्र उलटून गेली असणार. भाऊ शेती करतो, कम्प्युटरच्या वाटेला जात नाही, त्याला कागद हातात हवा. बोलणं कळत नव्हतं, पण हात कळत होता. त्यांचा हात हवेत नदीच्या बाहेरच्या काठाला जात होता. फोन ठेवून म्हणाल्या, “ते शेत दुसऱ्या एकाचं आहे. तो लसूण लावायच्या आधी दोन दिवस खणू देईल. एकदाच. मग जूनपर्यंत नाही, आणि जूनमध्ये तो हो म्हणेलच असं नाही. सोमवारी पोस्ट उघडलं की हे पाठवते.” जाताना त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि नकाशापुढे कमरेतून वाकल्या. म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनी जपून ठेवलं.” तेव्हा बोलायचं होतं. मी म्हटलं, “छत्री घेऊन जा.”

शुक्रवारी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, मग जा आणि सांग. मॅपमध्ये मिस्टेक आहे, सॉरी. दोन मिनिटांचं काम.” मी म्हटलं, “नक्की माहीत नसताना कसं सांगू? कदाचित मी माझ्या जागीच बरोबर काढलं असेल. कदाचित मला उलट आठवत असेल.” तो म्हणाला, “तू ऑफिसात अर्धा मीटर इकडेतिकडे झालं तर तीन ईमेल पाठवतेस.” लेक टोस्ट खात ऐकत होती. ती म्हणाली, “पण आई, तो मॅप तर तू काढली होतीस ना? तुला प्राइज मिळाली होती.” मी म्हटलं, “मिळालं होतं. बक्षीस मिळालं होतं.” तिची भाषा सुधारून मी खोलीबाहेर गेले.

आज दुपारी जेवणानंतर फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले. कागद पिवळा पडला आहे, तुमची सूची अजून काळीभोर. तो खिडकीच्या काचेला लावून धरला. बाहेर ऊन होतं. वर्तुळं कंपासने काढली होती, हे मी विसरले होते. कंपासचं टोक कागदात जातं, आणि पेन्सिल खोडता येते, भोक खोडता येत नाही. बाहेरच्या काठावर नऊ शाईच्या वर्तुळांच्या मधोमध उजेडाचे नऊ ठिपके होते. आणि वळणाच्या आत, जिथे कागद कोरा दिसतो तिथे, आणखी नऊ. पाच आणि चार. तुमच्या जागी, तुम्ही सांगितलं होतं तिथे, माझ्याच हाताने टोचलेले. मी किती वेळ हात वर करून उभी होते कुणास ठाऊक. लेक येऊन म्हणाली, “आई, तू ओके आहेस ना?”

आता माझ्याकडे शंका उरलेली नाही, म्हणून सबबही उरलेली नाही. खरं सांगायचं तर शंका गुरुवारीही नव्हती. बाई नकाशापुढे वाकल्या तेव्हा मला ठाऊक होतं की त्या चुकीच्या काठापुढे वाकताहेत. मी गप्प राहिले ते पुरावा नव्हता म्हणून नाही. तो नकाशा तुमचा म्हणवून घेण्यात मला जे मिळत होतं ते सोडवत नव्हतं, आणि तुमच्या नावाने कुणीतरी वाकत असताना मधे येऊन ‘हे मी बदललं’ म्हणायची हिंमत नव्हती. तुम्ही सूची लिहिताना थांबला होतात, तेही कदाचित असंच काहीतरी असेल. पोरीला पुन्हा सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुम्ही ‘छान झालाय’ म्हणालात. मी ‘छत्री घेऊन जा’ म्हणाले.

हे पत्र कुठे पाठवणार. डायरीच्या मागच्या कप्प्यात ठेवते.

उद्या: पोस्ट उघडायच्या आधी, साडेआठला, नकाशा फ्रेमशिवाय घेऊन बाईंच्या दारात जायचं, तो त्यांच्या खिडकीच्या काचेला लावायचा आणि सांगायचं, मी काढला, झाडं आतल्या बाजूला.